भिंत बदलली की दार-खिडकीची ट्रिम गायब होते किंवा हवेत लटकते : रेव्हिटच्या फॅमिलीत नक्की कुठे बघायचं

रेव्हिटमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) मॉडेल छान चाललेलं असतं, दारं-खिडक्या बसलेल्या असतात, चौकटीभोवतीची ट्रिम पण (कुणी तिला आर्किट्रेव्ह म्हणतं, कुणी केसिंग, कुणी नुसतं पट्टी) व्यवस्थित दिसत असते, आणि मग भिंतीचा टाइप बदलतो. लगेच अर्ध्या खिडक्यांची पट्टी दिसेनाशी होते, दोन-चार दारांची भिंतीपासून लांब हवेत उभी राहते, आणि एखाद्या ठिकाणी रुंदी बदलायला गेलं की कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड (म्हणजे बांधलेल्या अटी पाळता येत नाहीत) असा मेसेज येतो. हे माझ्याकडे इतक्या वेळा झालंय आणि इतके जण परत परत हेच विचारतात की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

आधी एक सांगतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. ट्रिम तुटते तेव्हा आपण ट्रिमचा आकार बघत बसतो, स्केच उघडतो, रेषा ओढून परत जागेवर आणतो, आणि पुढच्या बदलाला ती परत तुटते. आकारात काहीच चूक नसते. बघायचं ते एवढंच की ती पट्टी कुणाला बांधलीये. भिंतीच्या पृष्ठभागाला बांधलीये, ओपनिंगच्या कडेला बांधलीये, चौकटीच्या सॉलिडला बांधलीये, का कुणालाच नाही आणि नुसत्या आकड्यावर उभी आहे. हा एक प्रश्न विचारायची सवय लागली की दहातली आठ प्रकरणं तिथेच सुटतात.

माझंच एक उदाहरण घ्या. खिडकीची फॅमिली (म्हणजे मापं बदलून परत परत वापरता येईल असा तिचा नमुना) बनवली तेव्हा टेम्प्लेटमधली भिंत मी १५० मिमी धरली होती. आतली ट्रिम म्हणजे साधं एक्स्ट्रूजन (सपाट आकार एका दिशेत ओढून केलेलं सॉलिड), वर्क प्लेन भिंतीचा मध्य, एक्स्ट्रूजन स्टार्ट ७५ आणि एक्स्ट्रूजन एंड ९५, म्हणजे भिंतीच्या बाहेर २० मिमी आलेली पट्टी. दिसायला एकदम बरोबर. नंतर प्रोजेक्टमध्ये बाहेरच्या भिंती २०० च्या झाल्या. आता भिंतीचा पृष्ठभाग मध्यापासून १०० वर गेला आणि माझी पट्टी अजून ७५ ते ९५ मध्येच, म्हणजे अख्खी पट्टी भिंतीच्या पोटात, पृष्ठभागाच्या ५ मिमी आत. थ्रीडीमध्ये नुसतं कोरं भोक दिसत होतं. आणि तीच फॅमिली आतल्या १०० च्या पार्टिशनमध्ये वापरलेली होती, तिथे पृष्ठभाग ५० वर आणि पट्टी ७५ पासून सुरू, म्हणजे भिंत आणि पट्टीच्या मध्ये २५ मिमी फट. प्लॅनमध्ये कोर्स डिटेल लेव्हलला हे कळलंच नाही, सेक्शन काढला तेव्हा दिसलं. फॅमिलीत एकही एरर नव्हती, वॉर्निंग नव्हती, कारण रेव्हिटच्या दृष्टीने सगळं बरोबर होतं, मी ७५ ते ९५ सांगितलं होतं आणि त्याने ७५ ते ९५ केलं होतं.

म्हणून पहिली तपासणी ही. फॅमिली एडिटरमध्ये ट्रिम सिलेक्ट करा आणि प्रॉपर्टीजमध्ये एक्स्ट्रूजन स्टार्ट आणि एंड बघा. नुसते आकडे असतील तर मग भिंत बदलून बघा. टेम्प्लेटमधली भिंत पण खरी भिंतच असते, ती सिलेक्ट करून एडिट टाइप, डुप्लिकेट, आणि जाडी बदलून ३०० करा, मग १०० करा. बरेच जण दाराची रुंदी-उंची बदलून फॅमिली फ्लेक्स करतात (म्हणजे आकडे बदलून सगळं नीट हलतं का बघतात) आणि समाधान मानतात, भिंतीची जाडी बदलून बघतच नाहीत, आणि प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त बदलते ती भिंतच. भिंत बदलल्यावर पट्टी पृष्ठभागासोबत सरकली तर ठीक, जागेवर राहिली तर आजार सापडला.

दुरुस्ती अशी. रेफ लेव्हलच्या प्लॅनमध्ये या, भिंतीला समांतर एक रेफरन्स प्लेन (बाकीच्या गोष्टी बांधायला काढलेलं नुसतं आधाराचं प्रतल) काढा, अलाइन कमांड घ्या, आधी भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग पिक करा मग प्लेन, आणि कुलूप लावा. अलाइन करताना वर ऑप्शन्स बारमध्ये प्रेफर म्हणून एक पर्याय असतो, तिथे वॉल फेसेस आहे ना ते बघा, सेंटरलाइन किंवा कोअर असेल तर तुम्ही भलत्याच जागी कुलूप लावाल आणि ते नंतर शोधायला फार त्रास होतो. त्या प्लेनला नाव द्या, फेस_बाहेर असं काहीतरी. आता त्याच्या बाहेर दुसरं प्लेन, दोघांमध्ये डायमेन्शन, आणि त्या डायमेन्शनला लेबल, म्हणजे आकडा ठरवणारा पॅरामीटर, ट्रिम_जाडी_बाहेर. ट्रिमच्या एक्स्ट्रूजनची एक बाजू पहिल्या प्लेनला अलाइन करून लॉक, दुसरी दुसऱ्या प्लेनला. आतल्या बाजूला परत हेच. आतल्या आणि बाहेरच्या जाडीला एकच पॅरामीटर देऊ नका, आज दोन्हीकडे सारखी पट्टी असली तरी उद्या बाहेर वेगळी लागतेच. रेव्हिटच्या मूळ दाराच्या टेम्प्लेटमध्ये पण दोन्ही बाजूंचं प्रोजेक्शन वेगवेगळं ठेवलंय.

इथपर्यंत पट्टीची खोली झाली. आता रुंदी, म्हणजे समोरून बघताना दिसणारा भाग, आणि खरी डोकेदुखी इथे आहे.

दाराची रुंदी ९०० वरून १२०० केली आणि एक बाजूची पट्टी सरकली, दुसरी तिथेच राहिली, किंवा वरच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या मिळत नाहीत, किंवा सरळ एरर आली. याची कारणं दोन असतात आणि ती एकमेकांच्या अगदी उलटी आहेत. एक तर पट्टीला मालकच नाही, नाहीतर दोन मालक आहेत.

मालक नसणं म्हणजे काय ते बघा. तुम्ही स्केच काढलं, रेषा प्लेनच्या जवळ काढल्या पण लॉक केल्या नाहीत. तरी रुंदी बदलल्यावर कधी कधी त्या बरोबर हलतात, आणि म्हणूनच फसायला होतं. रेव्हिट अशा मोकळ्या रेषांना आतल्या आत स्वतःची डायमेन्शन्स देऊन जवळच्या कशाला तरी बांधून ठेवतं. ही डायमेन्शन्स एरवी दिसत नाहीत. दाखवायची असतील तर फॅमिली एडिटरमध्ये व्हिजिबिलिटी ग्राफिक्स उघडा, अ‍ॅनोटेशनच्या टॅबमध्ये डायमेन्शन्स, त्याच्या पोटात ऑटोमॅटिक स्केच डायमेन्शन्स म्हणून एक ओळ आहे, ती टिक करा, आणि मग स्केच उघडा. ट्रिमच्या स्केचमध्ये तुम्ही न दिलेली डायमेन्शन्स दिसायला लागतील. जिथे असं डायमेन्शन दिसतंय ती रेषा तुमच्या ताब्यात नाही, ती कशी हलेल ते रेव्हिट ठरवणार. ही एक सेटिंग मला खूप उशिरा कळली आणि ती कळल्यावर फॅमिली दुरुस्त करायचा वेळ अर्ध्यावर आला, म्हणून मुद्दाम सांगतोय, बाकी काही नाही केलं तरी हे एकदा करून बघा.

दोन मालक म्हणजे उलटा प्रकार. पट्टीची आतली कड चौकटीच्या सॉलिडच्या कडेला लॉक केली, बाहेरची कड रेफरन्स प्लेनला लॉक केली, आणि वर मध्ये ७० मिमीचं लॉक केलेलं डायमेन्शन पण टाकलं. चौकट हलली की आतली कड हलते, प्लेन जागेवर, ७० सोडायचे नाहीत, मग तिघांपैकी कुणीतरी मोडणारच. मेसेज येतो तेव्हा रिमूव्ह कन्स्ट्रेंट्सचं बटण समोर असतं आणि घाईत ते दाबलं जातं. ते दाबू नका. त्याने एरर जाते पण कुठलं कुलूप गेलं ते तुम्हाला कळत नाही, आणि पुढच्या वेळी पट्टी तिसरीकडेच तुटते. कॅन्सल करा, आणि कुणाचं कुलूप जास्तीचं आहे ते स्वतः शोधून काढा.

मी आता कुठलीही ट्रिम एका साखळीत बांधतो आणि तिच्या बाहेर काहीच बांधत नाही. ओपनिंगच्या कडेचं प्लेन, जे टेम्प्लेटमध्ये लेफ्ट आणि राइट नावाने आधीच असतं. त्याच्यापासून रिव्हील, म्हणजे चौकटीची जी बारीक कड पट्टीच्या आत उघडी ठेवतात ती, साधारण ५-६ मिमी, तिथे दुसरं प्लेन. त्याच्यापासून पट्टीची रुंदी, समजा ७०, तिथे तिसरं प्लेन. डावीकडे असं, उजवीकडे असं, आणि वर हाइटच्या प्लेनपासून पण असंच. पट्टीच्या स्केचच्या रेषा फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लेनला लॉक. चौकटीच्या सॉलिडला हात लावायचा नाही, कारण उद्या चौकट बदलून दुसरी टाकली की त्याच्याशी लावलेली सगळी कुलुपं गळून पडतात. चौकट पण त्याच प्लेन्सना बांधा. म्हणजे चौकट आणि पट्टी दोघी शेजारी शेजारी नांदतात पण एकमेकींवर अवलंबून नसतात.

आणि एका वेळी एकच गोष्ट फ्लेक्स करा हो. आधी नुसती प्लेन्स, सॉलिड काही नाही. रुंदी ६००, मग १८००, उंची बदला, रिव्हील ५ चं १२ करा, पट्टी ४० करा, १२० करा. प्लेन्स नीट चालली की मगच सॉलिड. सगळं एकदम बांधून मग फ्लेक्स केलं आणि तुटलं तर शोधायचं कुठे?

पट्टी नको असेल तेव्हा

हा तर नेहमीचाच प्रश्न. एका बाजूला टाइल्स आहेत, तिथे पट्टी नको. किंवा दार कोपऱ्याला लागून आहे आणि एका बाजूला पट्टीला जागाच नाही. लोक काय करतात, रुंदी शून्य टाकतात, आणि रेव्हिट टाइप बनवता येत नाही म्हणून सांगतं. शून्य जाडीचं सॉलिड बनत नाही, आणि साधारण ०.८ मिमीपेक्षा लहान रेष पण ते घेत नाही. म्हणून शून्य पट्टीच्या सॉलिडपर्यंत पोचूच द्यायचा नाही.

मी दोन पॅरामीटर ठेवतो, एक वापरणाऱ्यासाठी आणि एक सॉलिडसाठी. ट्रिम_रुंदी हा वापरणाऱ्याचा, त्याने त्यात काहीही टाकावं. ट्रिम_रुंदी_खरी हा प्लेन्सच्या डायमेन्शनला लावलेला, त्याचा फॉर्म्युला इफ(ट्रिम_रुंदी > १ मिमी, ट्रिम_रुंदी, १ मिमी). आणि तिसरा एक येस-नो पॅरामीटर ट्रिम_दिसते, त्याचा फॉर्म्युला नुसता ट्रिम_रुंदी > १ मिमी. हा सॉलिडच्या व्हिजिबलला जोडायचा. झालं, कुणी शून्य टाकलं की पट्टी गुपचूप दिसेनाशी होते, एरर येत नाही, ७० टाकलं की परत येते. हे तीनही डावी, उजवी आणि वरची पट्टी यांना वेगवेगळे दिले की कोपऱ्यातल्या दाराचा प्रश्नही मिटतो, पण त्यासाठी तिन्ही पट्ट्या वेगवेगळी सॉलिड्स असायला हवीत.

फॉर्म्युल्यात ज्या चुका हमखास होतात त्या पण इथेच सांगून टाकतो. इफ, अँड, ऑर, नॉट ही इंग्रजीतच टाइप करायची. मोठं-किंवा-समान असं चिन्ह चालत नाही, फक्त मोठं, लहान आणि बरोबर, त्यामुळे तसं हवं असेल तर नॉट लावून उलटं लिहायचं. पॅरामीटरच्या नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. नावात हायफन टाकू नका, फॉर्म्युल्यात तो वजाबाकी समजला जातो, अंडरस्कोअर वापरा. आणि सगळ्यात जास्त अडतं ते इथे : टाइप पॅरामीटरच्या (त्या प्रकारच्या सगळ्या दारांना एकच आकडा) फॉर्म्युल्यात इन्स्टन्स पॅरामीटर (प्रत्येक दाराला आपला वेगळा आकडा) चालत नाही. उलटं चालतं. म्हणजे ट्रिम_रुंदी इन्स्टन्स केली तर ट्रिम_रुंदी_खरी आणि ट्रिम_दिसते पण इन्स्टन्सच पाहिजेत, नाहीतर फॉर्म्युला नाकारला जातो आणि कळत नाही की स्पेलिंग तर बरोबर आहे मग चुकलंय काय.

मग टाइप काय आणि इन्स्टन्स काय ठेवायचं? माझं मत असं की पट्टीची डिझाइन आणि नेहमीची रुंदी टाइपमध्ये, कारण ती पूर्ण घरात किंवा पूर्ण मजल्यावर एकच असते आणि एका ठिकाणी बदलून सगळीकडे बदलली पाहिजे. पट्टी आहे-नाही हे इन्स्टन्स, कारण ते त्या दाराच्या जागेवर अवलंबून आहे, आत-बाहेर वेगळं आणि जमलं तर डावं-उजवं वेगळं. मग वरचा रुंदीचा फॉर्म्युला टाइपमध्ये राहतो आणि आहे-नाही वेगळं राहतं, दोन्ही एकत्र करायचे असतील तर अजून एक इन्स्टन्स येस-नो, अँड लावून. सगळंच इन्स्टन्स करून ठेवलेल्या फॅमिलीज मी बघितल्यात, दिसायला फार लवचिक वाटतात पण प्रोजेक्टमध्ये ६० दारं असली की प्रत्येकाची पट्टी वेगळ्या आकड्याची होऊन बसते आणि कुणालाच कळत नाही खरी कुठली.

साधी पट्टी, मोल्डिंगची पट्टी, का दोन्ही

चौकोनी सपाट पट्टी असेल तर एक्स्ट्रूजन पुरे. गोलाई, खाचा असलेलं मोल्डिंग असेल तर स्वीप, म्हणजे एका रेषेवरून (पाथ) कापाचा आकार (प्रोफाइल) फिरवून केलेलं सॉलिड. स्वीपचा पाथ रिव्हीलच्या प्लेन्सना लॉक करायचा, दाराला तीन बाजूंचा उघडा पाथ, खिडकीला चारही बाजूंना पट्टी असेल तर बंद पाथ, आणि प्रोफाइल वेगळी प्रोफाइल फॅमिली म्हणून लोड करायची. प्रोफाइल काढताना मूळ बिंदू कुठे आहे ते बघा, दोन मध्यरेषा जिथे छेदतात तो बिंदू पाथवर बसतो, म्हणून पट्टीचा आतला-मागचा कोपरा तिथे ठेवा आणि रुंदी बाहेरच्या दिशेने काढा. तरी लोड केल्यावर मोल्डिंग ओपनिंगच्या आत वळलं किंवा त्याची पाठ समोर आली तर घाबरू नका, स्वीपच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोफाइल इज फ्लिप्ड आणि अँगल आहेत, तिथे सरळ होतं. प्रोफाइलला फॅमिली टाइप पॅरामीटर जोडला की यादीतून मोल्डिंग बदलता येतं.

पण स्वीपची एक मर्यादा आहे. तो कोपऱ्यात आपोआप ४५ अंशाचा जोड करतो. वरची पट्टी दोन्ही उभ्या पट्ट्यांवर आडवी बसलेली आणि दोन्हीकडे १५-२० मिमी बाहेर आलेली हवी असेल, किंवा खिडकीला खाली रुंद सिल आणि त्याच्या खाली अजून एक पट्टी हवी असेल, तर एक स्वीप पुरत नाही, प्रत्येक भाग वेगळा करावा लागतो. आणि हे जर प्रत्येक दारात, प्रत्येक खिडकीत परत परत बांधायचं असेल तर एक दिवस असा येतो की एकूण २५ फॅमिलीज आहेत आणि रिव्हील बदलायला २५ वेळा तेच करायचंय.

तिथे नेस्टिंग, म्हणजे एका फॅमिलीच्या आत दुसरी बसवायची. ट्रिम म्हणून वेगळी जेनेरिक मॉडेल फॅमिली बनवा, तिच्यात फक्त पट्टी, भिंत नाही दार नाही, आणि ती दाराच्या फॅमिलीत लोड करा. दारात ती ठेवली की तिची मधली प्लेन दाराच्या मधल्या प्लेनला लॉक, तिची मागची प्लेन आपण वर केलेल्या फेस_बाहेरला लॉक, आणि रुंदी-उंची मात्र पॅरामीटर जोडून द्यायची. परत तोच मुद्दा, रुंदी पॅरामीटरने देताय तर डावी-उजवी बाजू पण लॉक करू नका, दोन मालक होतात. नंतर त्या नेस्टेड फॅमिलीला लेबलमधून फॅमिली टाइप पॅरामीटर द्या, म्हणजे प्रोजेक्टमध्ये दाराच्या प्रॉपर्टीजमध्ये यादी येते, सपाट पट्टी, मोल्डिंग, वरची आडवी बाहेर आलेली, जे काय बनवलं असेल ते.

ही अदलाबदल चालायला एक अट आहे. सगळ्या ट्रिम फॅमिलीजमध्ये पॅरामीटर्सची नावं अक्षरशः एकसारखी, प्रकार एकसारखा, आणि इन्स्टन्स. एकीत विड्थ आणि दुसरीत ओपनिंग_विड्थ असं असेल तर बदलल्यावर जोडणी सुटते आणि पट्टी तिच्या मूळ मापाला जाऊन बसते. दार १२०० आणि पट्टी ९०० ची असं चित्र दिसलं की कारण बहुतेक वेळा हेच. मी एक ट्रिम व्यवस्थित बनवतो आणि बाकीच्या सगळ्या तिच्यावरून सेव्ह अ‍ॅज करून काढतो, नावं टाइप करायचा प्रश्नच येत नाही. आणि त्यात एक रिकामी ट्रिम पण ठेवतो, सगळे पॅरामीटर्स आहेत पण सॉलिड काहीच नाही. यादीत ट्रिम_नाही म्हणून ती दिसते. शून्य, फॉर्म्युले, काही नको, यादीतून ती निवडली की पट्टी नाही. मला हाच मार्ग सगळ्यात जास्त आवडतो.

नेस्टेड ट्रिमला शेअर्ड (म्हणजे प्रोजेक्टमध्ये वेगळी मोजली जाईल अशी) करायची का? पट्टीचं वेगळं शेड्यूल, म्हणजे मोजणीचा तक्ता, काढायचं असेल तरच. पण शेअर्ड केली आणि व्हिजिबल बंद करून लपवली तर ती दिसत नाही पण शेड्यूलमध्ये मोजली जाते, मग मोजमाप जास्त येतं. तिथे रिकामी ट्रिम वेगळ्या नावाने मोजली जाते, शेड्यूलमध्ये फिल्टरने काढून टाकता येते.

फॅमिली बरोबर आहे तरी प्रोजेक्टमध्ये चुकतंय

हे पण होतं, आणि तेव्हा लोक परत फॅमिली उघडून तिची वाट लावतात. आधी हे बघा.

आतली पट्टी बाहेर आणि बाहेरची आत दिसतेय? भिंत उलटी काढलेली असेल. भिंत सिलेक्ट केली की बाणांचा फ्लिप कंट्रोल ज्या बाजूला येतो ती बाहेरची बाजू. दार फ्लिप करून वेळ मारून नेऊ नका, भिंत सरळ करा, नाहीतर पुढच्या दाराला परत तेच.

बाकी दारांची पट्टी नीट, फक्त काही ठिकाणी बुडालेली? तिथे प्लास्टर किंवा क्लॅडिंगची वेगळी भिंत मूळ भिंतीला लागून काढून जॉइन केलेली आहे का बघा. जॉइन केल्यावर भोक दोन्ही भिंतींना पडतं, त्यामुळे वरवर सगळं ठीक वाटतं, पण दार एकाच भिंतीत बसलेलं असतं आणि पट्टी त्या भिंतीच्या पृष्ठभागावर, म्हणजे प्लास्टरच्या आत. यासाठी फॅमिलीत फेस_बाहेर आणि फेस_आत यांच्यापासून सरकवता येईल असं अजून एक प्लेन ठेवावं, इन्स्टन्स पॅरामीटरवर, फिनिश_जाडी म्हणून, आणि ट्रिमची साखळी त्या प्लेनपासून सुरू करावी. १२ मिमी प्लास्टर असेल तर १२ टाकलं की पट्टी बाहेर येते. पट्टी आत पण न्यायची असेल, म्हणजे निगेटिव्ह, तर डायमेन्शन निगेटिव्ह आकडा घेत नाही, तिथे मदतीला भिंतीच्या आतल्या दिशेला लांब ५०० वर एक पक्कं प्लेन ठेवायचं आणि डायमेन्शन तिथून मोजायचं, फॉर्म्युला ५०० मिमी + सरकवणं. सरकवणं -२० असलं तरी डायमेन्शन ४८० च राहतं, तक्रार नाही.

भिंतीचे थर चौकटीकडे वळून पट्टीखाली विचित्र दिसतायत? ते रॅपिंग आहे. भिंतीच्या टाइपमध्ये रॅपिंग अ‍ॅट इन्सर्ट्स, प्रत्येक थराला रॅप्सची टिक, आणि दार-खिडकीच्या फॅमिलीत वॉल क्लोजर, या तिन्हीचा एकत्र परिणाम असतो. थर कुठपर्यंत वळायचा ते फॅमिलीत कुठल्या रेफरन्स प्लेनला वॉल क्लोजर टिक केलंय त्यावर ठरतं.

चौकटीच्या आतल्या अस्तराची खोली भिंतीच्या जाडीइतकी हवी असेल तर भिंतीच्या दोन पृष्ठभागांमध्ये डायमेन्शन देऊन त्याला रिपोर्टिंग पॅरामीटर (माप ठरवत नाही, नुसतं वाचून सांगतो) करा. होस्टच्या, म्हणजे दार ज्या भिंतीत बसलंय तिच्या, पृष्ठभागांवर घेतलेला असेल तर तो फॉर्म्युल्यात वापरता येतो, भिंतीची जाडी आपोआप येते, कुणाला टाइप करावी लागत नाही. मधल्या कुठल्या प्लेनपर्यंत घेतला तर फॉर्म्युल्यात चालत नाही, तिथे बरेच जण अडकतात.

स्कर्टिंग पट्टीतून आरपार जातंय? स्कर्टिंग वॉल स्वीपने केलं असेल तर ते ओपनिंगपाशी कापलं जातं, ट्रिमपाशी नाही, त्याला ट्रिम माहीतच नाही. वॉल स्वीपच्या टाइपमध्ये डिफॉल्ट सेटबॅक आहे, त्यात रिव्हील अधिक पट्टीची रुंदी टाका, ५ अधिक ७० म्हणजे ७५. पण हा आकडा त्या स्वीपच्या टाइपला एकच असतो, म्हणून एकाच भिंतीवर ७० ची आणि १२० ची पट्टी असेल तर एका ठिकाणी फट राहते, तिथे स्कर्टिंग हाताने ओढावं लागतं. मुळात हे पण एक कारण आहे पट्टीची रुंदी टाइपमध्ये ठेवायचं.

फॅमिली दुरुस्त करून परत लोड केली आणि प्रोजेक्टमधल्या सगळ्या रुंद्या जुन्या आकड्यावर गेल्या? लोड करताना दोन पर्याय येतात, नुसतं ओव्हरराइट आणि पॅरामीटर व्हॅल्यूजसकट ओव्हरराइट. दुसरं निवडलं की प्रोजेक्टमध्ये टाइपला दिलेले आकडे पुसले जाऊन फॅमिलीतले बसतात. दुरुस्तीसाठी लोड करताना पहिलंच निवडा. लगेच लक्षात आलं तर अनडू करा.

स्केचअप वापरणाऱ्यांसाठी थोडं. तिथे रोग वेगळ्या रूपात येतो. खिडकीचा कॉम्पोनंट स्केल टूलने दीडपट रुंद केला की ७० ची उभी पट्टी १०५ ची होते, कारण स्केल सगळ्यालाच ताणतं. डायनॅमिक कॉम्पोनंटमध्ये प्रत्येक पट्टी वेगळा सब-कॉम्पोनंट करून तिची रुंदी ७० वर पक्की करायची आणि जागा व लांबी मूळ कॉम्पोनंटच्या मापावरून फॉर्म्युल्याने काढायची, उजवी पट्टी कुठे तर मूळ रुंदी वजा ७०, वरची पट्टी किती लांब तर मूळ रुंदी. विचार तोच, पट्टी कुणाला बांधलीये.

आता फॅमिली लायब्ररीत टाकायच्या आधी मी काय करतो ते सांगतो. एक वेगळी टेस्ट फाइल आहे, तिच्यात १००, १५०, २०० आणि ३०० च्या चार भिंती, एक उलटी काढलेली भिंत, आणि एक प्लास्टरची भिंत जॉइन केलेली. प्रत्येकीत नवी फॅमिली टाकायची, एक सरळ, एक फ्लिप केलेली. सगळ्यांमधून एक सेक्शन कापलेला आहे आणि त्या व्ह्यूची डिटेल लेव्हल फाइन ठेवलीये. लोड केल्यावर तो सेक्शन उघडायचा आणि प्रत्येक भिंतीपाशी पट्टीची पाठ भिंतीला टेकलीये का बघायचं, मग रुंदी शून्य, मग १२०, मग यादीतून दुसरी ट्रिम. दहा मिनिटांचं काम आहे. एकाही भिंतीत फट दिसली तर फॅमिली परत एडिटरमध्ये, आणि सगळ्यात आधी त्या पट्टीचं कुलूप कुठल्या प्लेनला आहे ते.